घटस्थापनेला मेथी, दिवाळीला भाजी: बाल्कनीतल्या पहिल्या हंगामाचा सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की बाल्कनीत भाजी लावायला वर्षातला सर्वांत सोपा काळ सुरू होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, बुरशीचा जोर उतरतो आणि पालेभाज्यांना हव्या तशा गार रात्री मिळतात. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे ऊन चटका देते खरे, पण तेवढ्यापुरते भर दुपारी जुने सुती कापड आडवे बांधले की भागते. मे महिन्यात नर्सरीतून टोमॅटोचे रोप आणून हिरमुसलेल्यांनी पुन्हा सुरुवात करायची ती आता.

बाल्कनीतली बाग फसते ती बहुतेक वेळा खतामुळे नाही, उन्हामुळे. देवघरातल्या घटाभोवती पेरलेले धान नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण पिवळे आणि लुळे असते. उजेड शोधत नुसते लांबलेले रोप म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांनी पाहिलेले असते. सावलीत ठेवलेल्या मिरचीचेही हेच होते. मग घरातले कोणीतरी खत वाढवते, आणि रोप आणखी लुळे पडते.

म्हणून बी घेण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी 8 पासून दर तासाला बघा: कुंडी जिथे ठेवणार, नेमक्या त्या जागी ऊन पडते का? कठड्यावर पडते आणि जमिनीवर नाही, असे बऱ्याच ठिकाणी असते. तसे असेल तर कुंड्या लोखंडी स्टँडवर उचलून घ्याव्या लागतात. 3-4 तास थेट ऊन असेल तर पालेभाज्या येतात. टोमॅटो, मिरची, लिंबू यांना 6 तास लागतात, आणि त्यात तडजोड नाही.

दिशेचा हिशेब हिवाळ्यात बदलतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि मार्चच्या विषुवदिनापर्यंत उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. तिथे पुदिना तग धरेल, बाकी हट्ट करू नका. दक्षिणेच्या बाल्कनीची मात्र चंगळ असते. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर असल्याने वरचा स्लॅब ऊन अडवतो. डिसेंबरात मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो आणि ऊन थेट आत शिरते. पूर्वेची बाल्कनी पालेभाज्या आणि स्ट्रॉबेरीला चांगली. पश्चिमेची टोमॅटो-मिरचीला फेब्रुवारीपर्यंत चालते, पुढे तिथे भाजून निघते.

कुंडी आणि माती

कुंडीची खोली पिकाप्रमाणे घ्यायची. मेथी, कोथिंबीर, पालक यांना 6 ते 8 इंच खोल, पसरट ट्रे पुरतो. भाजीवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट आतून शेडनेट लावून वापरला तरी चालतो. मुळ्याला 12 इंच खोली हवी. मिरचीला 10 इंची कुंडी, टोमॅटोला 12 इंची किंवा रंगाची रिकामी 20 लिटरची बादली, स्वच्छ धुऊन आणि तळाला बोटाएवढी चार-पाच भोके पाडून. नर्सरीवाला ज्या काळ्या पिशवीत रोप देतो त्याच पिशवीत टोमॅटो वाढवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. रोप वाढते, फुले येतात, आणि गळतात.

नुसती माती भरू नका. काळी माती कुंडीत चिकट होते, वाळली की भेगा पडून कडेने सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. एक घमेले पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक घमेले भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, एवढे मिश्रण सगळ्या भाज्यांना चालते. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजून साधारण 8-9 लिटर होते. ते एकदा पाण्यात खळबळून पिळून घ्या, कारण स्वस्त विटांमध्ये क्षार उरलेले असतात आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा त्यामुळे करपतात. शेणखत घेताना हुंगून पाहा. वास येतो ते कच्चे. त्यातून कुंडीत मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात.

तळाला खडीचा थर देण्याची जुनी सवय सोडलेली बरी. वरची माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो आणि मातीची जागाही जाते. भोकावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवला की पुरे. वर दीड इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घालताना माती वाहून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते आणि पुढचा पत्रव्यवहार सोसायटीशी होतो.

वजनही लक्षात घ्या. 12 इंची कुंडी या मिश्रणाने भरून, पाणी पिऊन, वीस-बावीस किलोची होते. नुसत्या मातीची तीस किलोच्या पुढे जाते. जड कुंड्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा, कठड्यावर कधीच नको.

पेरणी

मेथीपासून सुरुवात करा. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ट्रेमध्ये विरळ फेका. दीड बाय एक फुटाच्या ट्रेला दोन मोठे चमचे दाणे पुरतात. वर अर्धा इंच मिश्रण पसरा आणि झारीने पाणी द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात, 25 ते 30 दिवसांत भाजी तयार. घटस्थापनेला पेरली तर लक्ष्मीपूजनाच्या आसपास हाती येते. ट्रे स्लॅबखाली ठेवा. परतीची एखादी जोरदार सर आली तर वरचे मिश्रण आणि दाणे दोन्ही वाहून जातात. जागा अगदीच कमी असेल तर मुंबईत जुडीने मिळते तशी समुद्रमेथी करा: धुतलेली रेती दोन-तीन इंच, त्यावर दाटीने दाणे, आणि दोन आठवड्यांच्या आत मुळासकट उपटून धुऊन घ्यायची.

कोथिंबिरीने बरेच जण हरतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. आपण ज्याला धना म्हणतो ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके दाबून धने दुभंगून घ्या. पीठ होता कामा नये, फक्त दोन फाका. मग 12 तास भिजवा, निथळा, फडक्यावर तासभर सुकवा आणि ट्रेमध्ये चार-चार इंचांवर ओळी काढून पेरा. पाव ते अर्धा इंच झाका. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात, थंडीत जास्तही. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती उकरून बघणारे स्वतःच पेरणी मोडतात. डब्यातले धने जुने असले तर उगवण निम्म्यावरही येते. धने विकत आणले की दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आधी तपासा. 40-45 दिवसांनी बाहेरच्या काड्या कापा, मधला कोंब राहू द्या. सगळे एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले की फेब्रुवारीपर्यंत खंड पडत नाही.

पालकाचे दोन दाणे तीन इंचांवर टोका, महिनाभरात बाहेरची पाने खुडायला येतात आणि तीन-चार खुडे मिळतात. मुळा थेट पेरायचा, रोप करून लावला तर वाकडा होतो. विरळणी करायचे जिवावर येते आणि मग नुसता पाला वाढतो. चार बोटांवर एकच रोप ठेवा आणि उपटलेल्या पाल्याची भाजी करा. एखाद-दुसरा मुळा काढायचा राहिला तर डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, येतीलच.

मिरची आणि टोमॅटोचे बी पेरण्यापेक्षा पहिल्या वर्षी रोपे आणा. टोमॅटोत चेरी टोमॅटो सर्वांत सोपा, मिरचीत पुसा ज्वाला ही जात कुंडीत बरी येते. रोप निवडताना उंच नको. बुटके, जाड खोडाचे, पाने न मुरडलेले आणि फूल न आलेले घ्या. टोमॅटो लावताना खालची पाने खुडून खोडाचा एक तृतीयांश भाग मातीत पुरा, पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात. मिरचीला असे करू नका, ती पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर लावा. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळे तुटतात. उंच मजल्यावर मधमाशा कमी येतात. दोन्ही पिकांना स्वतःच्याच परागावर फळ धरते, फक्त सकाळी 10-11 च्या सुमारास फुलांच्या देठांना टिचकी मारा.

पुदिना बाजारच्या जुडीतूनच होतो. जाड, जांभळट काडी निवडून खालची पाने काढा, पाण्यात आठवडाभर ठेवा, मुळे फुटली की पसरट कुंडीत लावा. त्याच्या कुंडीत दुसरे काही लावू नका. तो दोन महिन्यांत सगळी जागा खातो. गवती चहाचा मुळासकट फुटवा 12 इंची कुंडीत लावला की वर्षानुवर्षे बघावे लागत नाही. पानांच्या ओव्याची काडी नुसती खोचली तरी लागते. कढीपत्ता मात्र आता आणू नका, थंडीत तो रुसून बसतो. आले-हळदही नाही, त्यांची लागवड उन्हाळ्याच्या अखेरीची.

फळांत हंगामी स्ट्रॉबेरी आणि कायमचे लिंबू, एवढेच सुचवू. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरीची रोपे ऑक्टोबरात शहरांतल्या नर्सऱ्यांत येतात. पुणे, नाशिकच्या गार रात्री तिला मानवतात. मुंबई-ठाण्यात चार-सहा फळे मिळाली तरी हौस फिटली म्हणा. लावताना रोपाचा मधला गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरला की कुजतो. फळ ओल्या मातीला टेकू नये म्हणून खाली गवताचा भुसा पसरा. लिंबू बियांपासून करू नका, वर्षानुवर्षे फूल दिसणार नाही. कलमी किंवा गुटीचे (झाडावरच फांदीला मुळे फुटवून केलेले) रोप घ्या आणि 16-18 इंची कुंडी द्या. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ती फुलपाखराची अळी असते. हाताने उचलून टाका, दोन दिवसांत फांदी फस्त करते.

पाणी आणि खत

या काळात रोपे पाण्यावाचून कमी आणि पाण्याने जास्त मरतात. कोकोपीट वरून पांढरट, कोरडे दिसते आणि आत ओले असते. बोट एक इंच आत घाला. ओल लागली तर पाणी नको. द्यायचे तेव्हा सकाळी, खालच्या भोकातून थेंब येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेले अर्ध्या तासाने ओतून टाका. ते साठले तर मुळे कुजतात आणि डास होतात.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफले टाकून त्या हंगामात फरक पडत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. पाणी नियमित करा, पुढची फळे स्वच्छ येतील.

पालेभाज्यांना पहिल्या कापणीपर्यंत वेगळे खत लागत नाही. मिरची-टोमॅटोला दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, खोडापासून तीन बोटे लांब. शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी उत्तम लागू पडते: 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस झाकून ठेवा, मग दहापट पाणी मिसळून द्या. वास मात्र असा सुटतो की पाहुणे यायच्या दिवशी हे काम काढू नये. स्वयंपाकघरातली साले, दूध-साखरेचा चहाचा चोथा थेट कुंडीत नको. चिलटे आणि मुंग्या येतात.

काय बिघडते

सर्वांत मोठे संकट किडीचे नाही, कबुतरांचे. ती कोंब उपटतात आणि ट्रेमध्ये बसून राहतात. पेरणीच्या दिवसापासून ट्रेवर जाळी ताणून बांधा.

कोवळी रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती बुरशी, आणि कारण दाट पेरणी व जास्त पाणी. पडलेली वाचत नाहीत. ती काढा, दोन दिवस पाणी थांबवा, पुढच्या वेळी मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा, म्हणजे पाने मुरडून आकसणे, कशामुळे ते ओळखायची खूण अशी: पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. पान उलटे करून भिंगातून बघा. दोन्हींसाठी आधी पानांच्या खालच्या बाजूने जोराने पाणी मारा. मावा ही रस शोषणारी कीडही त्यानेच निम्मी जाते. मग 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडे साबणाचे पाणी घाला आणि संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. निंबोळ्या नसतील तर लिटरला 5 मिली निमतेल. टोमॅटोचा शेंडा बारीक, पिवळट होऊन आकसला तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका आणि बाकीच्यांजवळ पिवळा चिकट सापळा टांगा.

एक सावधगिरी: कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटात गुलाबी किंवा निळसर रंगाचे बी असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते पेरायला चांगले, पण उरलेले खायच्या डब्यात जाऊ देऊ नका आणि त्याची समुद्रमेथी तर मुळीच करू नका.

फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाने कोथिंबीर फुलावर येते. पाणी-खत वाढवून ती थांबत नाही. दोन-चार रोपे धन्यासाठी ठेवा, बाकी उपटा. ट्रेमधले मिश्रण वर्तमानपत्रावर पसरून आठवडाभर उन्हात वाळवा, मुळे वेचून काढा, एक तृतीयांश नवे गांडूळखत मिसळा. टोमॅटोच्या कुंडीत लगेच मिरची किंवा वांगे नको, तिन्ही एकाच कुळातली आहेत आणि मातीत राहिलेला रोग त्यांना धरतो. त्या कुंडीत भेंडीचे तीन दाणे टोका, आणि उगवल्यावर जोमदार एक ठेवून बाकीची दोन काढा.