व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाहीये? आधी या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे आपल्या संगणकात सॉफ्टवेअरच्या आधारे चालणारा दुसरा संगणक. त्याचं स्टार्ट दाबलं, पट्टी थोडी सरकली आणि एररची चौकट आली. बहुतेक जण ती न वाचताच ओके दाबतात, पुन्हा स्टार्ट करतात, तीच चौकट पुन्हा येते आणि मग वैतागून मशीन उडवून नवं बनवायला घेतात. खरं तर न चालणाऱ्या व्हीएममधला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतो. तो जातो तो नंतरच्या खटपटीत.

म्हणून यादीतलं मशीन रिमूव्ह करण्याची घाई करू नका. व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवणारा एक प्रोग्राम) अशा वेळी विचारतो की फक्त यादीतून काढायचं की फायलींसकट पुसायचं. फायलींसकट पुसलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. काहीही करण्याआधी मशीन पूर्ण बंद आहे ना हे बघा आणि त्याचं अख्खं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे प्रयोग मग बिनधास्त करता येतात.

आता गाडं नेमकं कुठे अडलंय ते पाहा. मशीनची खिडकी उघडतच नसेल तर नकार होस्टकडून, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकाकडून येतोय. खिडकी उघडली, पण काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ आलं, तर सेटिंग्ज किंवा डिस्क तपासा. विंडोज किंवा लिनक्सचा लोगो दिसून गाडी तिथे थांबली, तर बिघाड गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या विंडोज-लिनक्सच्या आत आहे आणि होस्टच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरून काही हाती लागणार नाही.

चौकटीतली वरची ओळ, म्हणजे ‘फेल्ड टू ओपन अ सेशन’, काहीच सांगत नाही. कामाची गोष्ट खालच्या डिटेल्समध्ये असते. त्याहून जास्त माहिती लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये मिळते. व्हर्च्युअलबॉक्सचा लॉग मशीनच्या फोल्डरमधल्या लॉग्ज या उपफोल्डरात असतो, व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचा थेट मशीनच्या फोल्डरात. फाइल वरून वाचत बसू नका, शेवटाकडून वर या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘पॉवर अप फेल्ड’ अशी ओळ दिसेल आणि तिच्यातच ‘व्हीईआरआर’ने सुरू होणारा कोड असेल. शोध घ्यायचा तो त्या कोडचा. ‘व्हीएम चालत नाही’ असं शोधून काही मिळत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनवरून, म्हणजे व्हीएम चालवायला प्रोसेसरमध्येच असलेल्या सोयीवरून होतो. इंटेलमध्ये त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही, आणि एएमडीच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ते एसव्हीएम मोड या नावाखाली दडलेलं असतं. बायोस अपडेट झाला की ही सेटिंग गुपचूप बंद होऊ शकते. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे एनेबल्ड की डिसेबल्ड ते लिहिलेलं असतं. डिसेबल्ड असेल तरच बायोसमध्ये जा. जाण्याआधी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आहे का ते बघा आणि असल्यास रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण बायोसमधला बदल पाहून विंडोज ती मागू शकतं.

एनेबल्ड दिसतंय आणि तरीही ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’ येतंय? मग बायोसच्या पुन्हा पुन्हा वाऱ्या करण्यात अर्थ नाही. विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ती सोय आधीच ताब्यात घेतलेली असते. आपण हायपर-व्ही कधी चालूच केलं नाही, असं लोक छातीठोकपणे सांगतात आणि त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), विंडोज सँडबॉक्स, किंवा विंडोज सिक्युरिटीतलं मेमरी इंटिग्रिटी, यांतलं एक जरी चालू असलं तरी तोच हायपरव्हायजर आतून सुरू होतो. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन १५.५.५ पासून हायपर-व्हीवर बसून चालू शकतात, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्टेटस बारमध्ये हिरवं कासव दिसलं, तर मशीन हायपर-व्हीवरून चालतंय असं समजा. ते संथ चालेल, पण चालेल. हायपरव्हायजर पूर्ण बंद करण्याच्या कमांड सर्रास सांगितल्या जातात. त्यांनी डब्ल्यूएसएल २ आणि त्यावरचं डॉकरही (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) बंद पडतं आणि मेमरी इंटिग्रिटी काढली तर सुरक्षेचं एक कवच जातं. माझ्या मते कासव पत्करलेलं बरं.

लिनक्स होस्टवर दुखणं वेगळं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. त्यासाठी लागणारं कर्नलचं हेडर पॅकेज नसेल तर ते बांधलं जात नाही आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोड होत नाही. शिवाय कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या हायपरव्हायजरचं) मॉड्यूल लोड होतानाच व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं. काल चालणारं व्हर्च्युअलबॉक्स आज अडलं, तर केव्हीएमचं मॉड्यूल काढून बघा. केव्हीएमच वापरत असाल आणि ‘डिफॉल्ट’ नेटवर्क अॅक्टिव्ह नाही असा संदेश आला, तर मशीनला हात लावू नका. ते नेटवर्क सुरू करून ऑटोस्टार्टवर टाका.

आता डिस्क भरण्याबद्दल, कारण इथेच खरी वाट लागते. डायनॅमिक डिस्क १०० जीबीची घेतली तरी सुरुवातीला होस्टवर थोडीच जागा व्यापते आणि हळूहळू फुगत जाते. गेस्टमधल्या फायली पुसल्या तरी ती आपोआप आकसत नाही. होस्टचा ड्राइव्ह गच्च भरला की मशीन मध्येच पॉज होतं किंवा सुरूच होत नाही. मग माणूस जागा मोकळी करायला निघतो आणि त्याला स्नॅपशॉट्सच्या (मशीनच्या त्या त्या क्षणी जपून ठेवलेल्या स्थितींच्या) फोल्डरात महिरपी कंसांत लांबलचक आकडे असलेल्या भल्या मोठ्या फायली दिसतात. नाव ओळखीचं नाही, म्हणजे कचरा असणार, असं समजून तो एक उडवतो.

ही चूक सहसा निस्तरता येत नाही. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचे सगळे बदल नव्या फाइलमध्ये लिहिले जातात. जुन्या वहीला हात न लावता फक्त फरक नव्या वहीत मांडत जावेत, तसं. मधली वही गेली की पुढच्या वह्यांतल्या नोंदींना अर्थ उरत नाही. स्नॅपशॉट घेतलेली मूळ डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून चालवणंही तितकंच घातक. व्हीएमवेअर मग पालक (म्हणजे मूळ) डिस्क बदलल्याची तक्रार करून सुरू व्हायला नकार देतं. स्नॅपशॉट काढायचा तर प्रोग्रामच्या मेनूतूनच काढा आणि त्याआधी होस्टवर थोडी जागा करून घ्या, कारण फरक एकत्र करतानाही जागा लागते.

मशीन यादीत ‘इनअॅक्सेसिबल’ दिसत असेल, तर ‘व्हीबॉक्स’ एक्स्टेन्शनची सेटिंग्जची फाइल शून्य आकाराची झाली आहे का ते बघा. वीज गेल्यावर असं होतं. शेजारी ‘प्रीव्ह’ शेपटीची आधीची प्रत असते, तिचं नाव बदललं की बहुतेक वेळा काम होतं.

मशीन आधीच वापरात आहे, म्हणजे लॉक आहे, अशा तक्रारीवर व्हीएमवेअरची ‘एलसीके’ फोल्डरं पुसा, हा सल्ला अर्धवट आहे. आधी टास्क मॅनेजरमध्ये त्या मशीनची प्रक्रिया अजून जिवंत आहे का ते पाहा. ती चालू असताना लॉक काढलं तर दोन प्रक्रिया एकाच डिस्कवर लिहू शकतात. मग डिस्कचं काही खरं नाही.

सेव्ह्ड स्टेटमधून (मशीन बंद न करता जपून ठेवलेल्या चालू स्थितीतून) उठताना अडत असेल, विशेषतः वेगळ्या प्रोसेसरच्या संगणकावर नेल्यावर, तर ती स्टेट डिस्कार्ड करा. गेस्टमध्ये सेव्ह न केलेलं काम जाईल, डिस्क राहील. गेस्टला रॅम देताना होस्टचा विचार करा. ८ जीबीच्या होस्टवर ६ जीबीचं मशीन उठलं तरी दोघंही रडतील.

बूट होत नसताना ईएफआयची (बायोसऐवजी वापरल्या जाणाऱ्या नव्या पद्धतीची) टिकमार्क आणि डिस्क ज्याला जोडलेली असते तो कंट्रोलर उगाच बदलून बघू नका. बायोस पद्धतीने टाकलेलं विंडोज ईएफआयने उठत नाही, आणि कंट्रोलर बदलला तर निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येऊ शकतं. बदल केलाच असेल तर आधीचं होतं तसं करा.

गेस्टच आतून मोडला असेल, तर त्याच्या डिस्कची व्हर्च्युअलबॉक्समधूनच क्लोन प्रत काढा, म्हणजे यूयूआयडीची (प्रत्येक डिस्कच्या वेगळ्या ओळख क्रमांकाची) टक्कर होणार नाही. ती प्रत दुसऱ्या चालत्या मशीनला जादा डिस्क म्हणून जोडा आणि आधी फायली बाहेर काढा. दुरुस्ती करायची की नवं मशीन टाकायचं, ते त्यानंतर ठरवता येईल.