बॉम्बच्या धमकीचा फोन आला तर गार्डनं काय करायचं

लातूरला क्लासेसच्या एका बिल्डिंगवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, अहमदपूर-अंबाजोगाईकडून नवीन लागलेली पोरं हे हमखास विचारतात म्हणून लिहायलोय. २००५ च्या पसारा (PSARA) म्हणजे खाजगी सिक्युरिटी एजन्सींच्या कायद्याप्रमाणं ट्रेनिंग होतं त्यात हा विषय असतोय, पण ड्युटीवर ते आठवायला पाहिजे.

फोन आला तर कट करायचा नाही. समोरचा बोलायलाय तर बोलू द्या, मधीच वाद घालू नका, शांतपणे विचारत राहा, कुठं ठेवलाय, किती वाजता फुटणार, दिसायला कसाय, कशामुळं ठेवला. उत्तर नाही दिलं तरी त्याचा आवाज, बोलायची ढब, मागं रेल्वे वाजायली का मशीन, सगळं तिथल्या तिथं वहीत, त्याच्याच शब्दात. बाजूच्याला खूण करून ११२ लावायला सांगायचं. ईमेल आला असेल तर डिलीट करू नका.

कुणीतरी म्हणणारच, अहो फेक असेल. मे २०२४ ला दिल्लीत एकाच दिवशी शंभरावर शाळांना ईमेल आले, ते फसवेच निघाले, पण पोलिसांनी शाळा तपासल्याच ना. खरं-खोटं आपण गेटवर ठरवायचं नाही.

आता क्लासच्या बिल्डिंगची खरी अडचण म्हणजे बॅगा. जिन्यात, बाकाखाली, पाण्याच्या टाकीपाशी, जिकडं बघाल तिकडं सॅक. म्हणून बाहेर काढताना लेकरांना सांगायचं की हाताशी असलेली स्वतःची बॅग घेऊनच चला, आणायला परत माघारी फिरू नका. मग जी बिनमालकाची उरते ती लगेच नजरेत येती. बीडीडीएसवाले, म्हणजे पोलिसांचं बॉम्ब शोधणारं-निकामी करणारं पथक, श्वान घेऊन येतात खरं, पण ह्या कोपऱ्यात रोज काय असतंय हे त्यांना कसं माहीत असणार, ते तुम्हालाच सांगावं लागतं, त्यामुळं राउंड नुसता सहीपुरता मारू नका.

लेकरं ज्या जिन्यानं न्यायचीत तो जिना आणि जिथं थांबवायचीत ते मैदान आधी बघून घ्या, लिफ्ट बंद, काचेच्या दर्शनी भागाखाली कुणाला उभं करू नका. संशयित वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, पाणी-वाळू टाकायची नाही, तिच्याजवळ वॉकीटॉकी किंवा मोबाईल वापरायचा नाही, लांब जाऊन कळवायचं.

आणि पोलिसांनी क्लिअर म्हटल्याशिवाय शटर उघडायचं नाही, मालकाचे कितीही फोन येऊ द्या.