पिकअपचा चेसिस नंबर वाचताना या चुका टाळा

माझ्या मेव्हण्यांनी कळंबोलीतून एक जुनी पिकअप घेतली. गाडी चांगली होती. आरसी नावावर झाली, विमा निघाला आणि रोज पहाटे वाशी मार्केटहून ठाण्याला भाजी जाऊ लागली. दुसऱ्या पावसाळ्यात मुंब्रा बायपासला मागून ट्रेलर आदळला. दाव्यासाठी सर्व्हेअर आला, गाडीखाली वाकला, टॉर्च मारली, हातातली पॉलिसी पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, कागदावरची गाडी वेगळी आहे." गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरात ८ होता, पॉलिसीत 'बी'. या एका अक्षरापायी दावा अडीच महिने लटकला. तेवढे दिवस गाडी गॅरेजात उभी, कर्जाचे हप्ते चालूच, आणि बांधलेली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या गाडीला लागली.

एजंटने आरसीच्या अंधूक फोटोवरून नंबर उतरवला होता आणि आम्ही कुणीच तो लोखंडाशी ताडून पाहिला नव्हता. आरसी, विमा, परमिट, फिटनेस या सगळ्या त्या एका कोरलेल्या नंबरच्या नकला आहेत. नक्कल चुकू शकते. म्हणून ओळखीतलं कुणी जुनी गाडी घेतो म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो, चेसिसवरचा नंबर स्वतः वाचलास का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आरसीवर आहे ना!" पहिली चूक तीच.

शोधायचा कुठे?

इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकन गाड्यांचे असतात. ते पाहून लोक काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात नंबर शोधत बसतात. आपल्या पिकअपमध्ये तो तिथे असेलच असं नाही. बोलेरो पिकअप, योद्धा अशा गाड्या लॅडर फ्रेमवर उभ्या असतात. म्हणजे खाली दोन लांब बीम, त्यांना जोडणारे आडवे बीम, आणि वर केबिन नि हौदा. अस्सल भरवशाचा नंबर या फ्रेमवरच पंच केलेला, म्हणजे लोखंडी ठशांनी ठोकलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो उजवीकडच्या म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या लांब बीमवर, पुढच्या चाकाच्या आसपास सापडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक बाजूला केलं की बघायला जागा होते. छोटा हत्ती, दोस्त, सुपर कॅरी या छोट्या मालगाड्यांत नंबराची जागा मॉडेलनुसार बदलते. ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते, नाहीतर सर्व्हिस सेंटरचा मिस्त्री दोन मिनिटांत बोट ठेवून दाखवतो.

याशिवाय कंपनीची एक प्लेट असते, रिव्हेट मारलेली किंवा चिकटवलेली, केबिनमध्ये, दाराच्या खांबावर किंवा इंजिनाजवळ. तिच्यावर हाच नंबर आणि गाडीचं कमाल वजन वगैरे छापलेलं असतं. वाचायला प्लेट सोपी, म्हणून लोक तिच्यावरच थांबतात. पण प्लेट चार रिव्हेट काढून बदलता येते, फ्रेम तशी बदलता येत नाही. दोन्ही वाचा आणि एकमेकांशी जुळवा.

इंजिन नंबर वेगळा, तो इंजिन ब्लॉकवर असतो. आरसीवर दोन्ही खाली-वर छापलेले असतात, त्यामुळे फॉर्म भरताना यांची अदलाबदल नेहमी होते. आणखी एक गोंधळ एचएसआरपीमुळे, म्हणजे नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटमुळे झाला आहे. त्या पाटीच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक पाहून अनेकांना तोच चेसिस नंबर वाटतो. तो पाटीचा स्वतःचा क्रमांक आहे. गॅरेजमध्ये ज्याला 'चासी नंबर' म्हणतात, आरसीवर चेसिस नंबर आणि कंपनीच्या कागदांवर व्हीआयएन, ते मात्र तिन्ही एकच.

गंज, चिखल आणि ग्राइंडर

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं आणि ते परत भरून येत नाही.

आपल्या भागात फ्रेम लवकर खाते. चार महिन्यांचा पाऊस, खाडीची खारी हवा, आणि गाडी मासळीला लागली असेल तर विचारूच नका. बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्यातून थेट फ्रेमवर गळतं. वर्षानुवर्षं असं चाललं की नंबरावर खपल्या धरतात. मग फिटनेसच्या आदल्या दिवशी घाई होते आणि कुणीतरी म्हणतं, "ग्राइंडर मारू, लगेच दिसेल." तसं अजिबात करू नका. कोरलेली अक्षरं फार खोल नसतात. ग्राइंडर किंवा मशीनला लावलेला तारेचा ब्रश खपलीबरोबर अक्षरंही नेतो. वर त्या चकाकणाऱ्या जागेवर घासल्याच्या रेषा पाहून इन्स्पेक्टरच्या मनात पहिला संशय येतो तो चोरीचा.

बरोबर रीत सोपी आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. जागा रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने ओली करून अर्धा तास सोडा. जुन्या टूथब्रशने हळूहळू घासा. पुसून कोरडी झाली की तिच्यावर खडू आडवा फिरवा आणि बोटाने वरची पावडर पुसा. खाचांत पांढरं उरतं आणि नंबर उठून दिसतो. फोटो काढताना मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर सगळं सपाट येतं. दुसऱ्याला टॉर्च बाजूने, तिरपी धरायला सांगा, म्हणजे प्रत्येक अक्षराची सावली पडते.

मग पेन्सिल प्रिंट काढा. पातळ कागद नंबरावर टेपने घट्ट लावा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत न्या. दुसऱ्या आरटीओत गाडी नेण्यासाठी फॉर्म २८ भरून एनओसी घ्यायची तेव्हा ही प्रिंट लागतेच, म्हणून दोन-तीन जास्तीच्या काढून फाइलमध्ये ठेवा. काम झालं की त्या जागेला ग्रीसचा पातळ हात द्या. पावसाळ्याआधी अंडरकोटिंग करून घेणार असाल तर नंबरावर आधी टेप लावायला सांगा, नाहीतर तो डांबरासारख्या थराखाली गाडला जातो.

आणि एवढं करूनही अक्षरं वाचता येत नसतील, तर बाजारातून पंचांचा डबा आणून स्वतः ठोकायला जाऊ नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो नंबर तुम्ही छेडलात असंच दिसेल. आरटीओत अर्ज करून, तपासणी होऊन, लेखी परवानगीनेच पुन्हा पंचिंग करायचं.

मोजताना आणि वाचताना

आजच्या गाड्यांचा नंबर १७ जागांचा असतो. आकड्यांच्या दोन्ही टोकांना बहुधा चांदणी किंवा कंपनीची छोटी खूण मारलेली असते, मागे-पुढे कुणी अक्षर वाढवू नये म्हणून. लोक तीही मोजतात, मग १९ भरतात आणि गाडीच खोटी वाटू लागते. कधी जागेअभावी नंबर दोन ओळींत असतो आणि वरचीच ओळ उतरवली जाते. खूप जुन्या गाडीवर मात्र १७ पेक्षा कमी जागा असणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतही १७ जागांची सक्ती १९८१ पासूनची.

१७ जागांच्या नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. १ आणि ० शी घोटाळा होऊ नये म्हणून ती मुळातच वगळली आहेत. तेव्हा गोल दिसलं की शून्य लिहा, उभी रेघ दिसली की एक. आरसीवर किंवा पॉलिसीवर 'ओ' छापलेला दिसला तर ती टायपिंगची चूक आहे, इतकं खात्रीने सांगता येतं. खरी फसगत पुढच्या जोड्यांत होते: 'बी' आणि ८, 'एस' आणि ५, 'जी' आणि ६, 'झेड' आणि २. मेव्हण्यांचं घोडं पहिल्याच जोडीवर अडलं. शंका आली तर त्याच नंबरातला दुसरा खात्रीचा ८ शोधा आणि आकार ताडा. एकाच पंचाचे आकडे एकसारखे येतात.

अर्थ लावताना

पहिल्या तीन जागा गाडी बनवणाऱ्याच्या. 'एमए१' म्हणजे महिंद्र, 'एमएटी' टाटा मोटर्स, 'एमए३' मारुती सुझुकी, 'एमबी१' अशोक लेलँड. टाटाची गाडी म्हणून विकली जातेय आणि नंबर 'एमए१'ने सुरू होतोय, तर बोलणी तिथेच थांबवा. मात्र 'एम' दिसला म्हणजे भारत, असं धरू नका. थायलंडमधल्या गाड्यांचे नंबरही 'एम'नेच सुरू होतात. भारताच्या वाट्याला मुख्यतः 'एमए' ते 'एमई' ही मालिका आहे.

चौथ्यापासून नवव्यापर्यंत गाडीचं वर्णन: मॉडेल, इंजिन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असं काही. ही भाषा प्रत्येक कंपनीची स्वतःची. एका कंपनीच्या तक्त्याने दुसरीचा अर्थ लावणं चूक, आणि नंबर टाकला की अर्थ सांगणाऱ्या फुकटच्या ऑनलाइन डिकोडरवर विसंबणं त्याहून मोठी चूक. हे डिकोडर बहुतेक अमेरिकन हिशोबाचे. तिकडे नववी जागा पडताळणी अंकाची असते. बाकीच्या जागांच्या किमतींना ठरावीक आकड्यांनी गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचं, उरेल ती बाकी नवव्या जागी. बाकी १० आली तर तिथे 'एक्स'. भारतात ही सक्ती नाही, आपल्या कंपन्या ती जागा स्वतःच्या कामासाठी वापरू शकतात. त्यामुळे तुर्भ्यातल्या अस्सल गाडीचा नंबर टाकला की डिकोडर लाल अक्षरांत 'अवैध' म्हणतो आणि चांगला सौदा मोडतो. उलटही होतं. डिकोडरने पास केलं म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्याने फक्त गणित तपासलेलं असतं, गाडी नाही.

दहावी जागा बहुतेक कंपन्यांत वर्षाची. 'ए' म्हणजे २०१०, 'बी' २०११, असं 'एच' २०१७ पर्यंत सरळ. मग 'आय' गाळून 'जे' २०१८, 'के' २०१९, 'एल' २०२०, 'एम' २०२१, 'एन' २०२२. 'ओ' गाळून 'पी' २०२३, 'क्यू' गाळून 'आर' २०२४, 'एस' २०२५. त्याआधी २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे आकडे होते. बोटावर मोजताना गाळलेली अक्षरं विसरली की एक वर्षाचा फरक पडतो, आणि जुन्या पिकअपच्या किमतीत एक वर्ष म्हणजे थोडंथोडकं नाही.

वर्ष आणि नोंदणीची तारीख जुळली नाही म्हणून लगेच विक्रेत्यावर धावून जाऊ नका. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत विकली जाऊ शकते. चेसिस घेऊन हौदा किंवा बंद बॉडी वेगळी बांधून घेतली असेल तर आणखी महिना-दोन महिने जातात. पण नंबरात 'एच', आरसीवर उत्पादन २०१९ आणि विक्रेता म्हणतो "दादा, वीसचं मॉडेल आहे", असं असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. महिन्याची खूणही नंबरात असते, तिची जागा कंपनीगणिक बदलते. अंदाज बांधण्यापेक्षा आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा. अकराव्या जागी बहुधा कारखान्याची खूण आणि शेवटी अनुक्रमांक. गाडीचा रंग, आधीचा मालक, अपघात, कर्ज यांतलं काहीही या नंबरात लिहिलेलं नसतं.

शेवटचे चार-पाच आकडे

परिवहनच्या पोर्टलवर बऱ्याच कामांना गाडी नंबराबरोबर चेसिसचे शेवटचे पाच आकडे मागतात, महाराष्ट्राच्या ई-चलानला शेवटचे चार. त्यामुळे लोकांना वाटतं तेवढेच जुळले की बस. चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीची ओळख चढवणाऱ्यालाही हेच माहीत असतं. सगळ्या १७ जागा जुळवा. तसंच विक्रीची जाहिरात टाकताना प्लेटचा किंवा आरसीचा उघडा फोटो लावू नका. गाडी नंबर आणि ते पाच आकडे एकत्र मिळाले की तुमच्या गाडीच्या ऑनलाइन कामाची अर्धी किल्ली परक्याच्या हातात जाते.

फ्रेम पाहताना डोळ्यांबरोबर बोटही फिरवा. एखादं अक्षर जास्त खोल, दोन आकड्यांतलं अंतर विषम, आजूबाजूला तेवढाच ताजा रंग, नंबराच्या मागे-पुढे वेल्डिंगची आडवी शिवण. यांतलं काही लागलं तर सौदा सोडा, गाडी कितीही स्वस्त असो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का तेही पाहता येतं. इसार देण्याआधी हे करा, नंतर नाही.

गाडी आधीच तुमची असेल आणि कागदात चूक सापडली, तर अपघाताची वाट बघू नका. पॉलिसीतली चूक विमा कंपनीला प्रिंट, फोटो आणि आरसी देऊन एन्डॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीपत्राने दुरुस्त होते. आरसीतच चूक असेल तर जिथे नोंदणी आहे त्या आरटीओत जावं लागतं: ठाण्याची एमएच-०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३, पनवेलची ४६. आधी आरसी, मग विमा, मग परमिट, याच क्रमाने करा, कारण पुढचा प्रत्येक कागद आरसी बघून बनतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं. तारीख जवळ आली असेल तर किमान महिनाभर आधी हे काम हातात घ्या. मेव्हण्यांच्या गाडीची पेन्सिल प्रिंट आता आरसीच्या पाकिटातच असते, आणि दरवर्षी पॉलिसी आली की ते दोघे, ते आणि त्यांचा ड्रायव्हर, एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा प्रिंटवर बोट ठेवत जातो.