लाडू झाले, बाकीचे राहिले: बाळंतिणीच्या तयारीतील या चुका टाळा

खान्देशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. आठवा महिना लागला की मुलीची आई डिंक, मेथी, खारीक, गोडंबी, सुंठ आणि हळीव यांची यादी घेऊन किराणा दुकान गाठते, जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट फाडून ठेवते आणि बाजेची सुतळी ताणून घेते. ही तयारी मायेने होते आणि तिच्यातील पुष्कळ भाग उपयोगाचाही आहे. मात्र प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत गर्भाशय मूळ आकाराला येणे, टाके भरणे, गेलेले रक्त भरून निघणे आणि दूध उतरणे ही कामे बाईच्या शरीरात एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांचा विचार त्या यादीत क्वचितच असतो. सव्वा महिन्यात उद्भवणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ तेथेच सापडते.

बंद खोली आणि मोजून दिलेले पाणी

माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण ऐन मे महिन्यात झाले. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हे सांगायला नको. तरीही वारे लागेल म्हणून खोलीच्या खिडक्यांवर गोणपाट ठोकले होते, कूलर बंद करून कोपऱ्यात सारला होता, तिच्या कानाला फडके घट्ट बांधले होते आणि सकाळ-संध्याकाळ बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी सरकवून तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकला जात होता. पिण्याचे पाणी सुंठ घालून उकळलेले, आणि तेही दिवसभराला एक तांब्या. आजीचे म्हणणे स्पष्ट होते: "जास्त पानी पिधं का पोट सुटस."

घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी लघवी गडद पिवळी होऊन जळजळू लागली. शौचाला तीन दिवस झाले नव्हते, कुंथल्यामुळे टाके दुखत होते आणि दूध कमी पडते म्हणून बाळ सारखे रडत होते. पाचव्या दिवशी ताप १०१ वर गेला. ताप उन्हाचा, दुधाचा, गर्भाशयाचा की टाक्यांचा हे ठरवण्यासाठी तपासण्या कराव्या लागल्या आणि शेवटी मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. या एकेका तक्रारीवर घरात वेगवेगळे उपाय चालू होते. त्या सगळ्या एकाच तांब्यातून निघाल्या होत्या, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

दूध पाजणाऱ्या बाईला पाणी, ताक, वरणाचे पाणी, पेज असे मिळून दिवसाला साधारण अडीच ते तीन लिटर द्रव लागते, आणि खान्देशातील उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. याहून सोपे मोजमाप नाही. पोट सुटण्याचा पाण्याशी संबंध नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू सैल झालेले असतात आणि त्यांना पूर्ववत होण्यास वेळ लागतो, एवढेच त्याचे कारण आहे. दर वेळी बाळाला पाजताना एक पेला पाणी हाताशी ठेवावे, म्हणजे वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही.

कूलर लावण्यास हरकत नाही. झोत थेट बाळावर आणि बाळंतिणीवर येऊ नये, एक खिडकी उघडी असावी आणि टाकीतील पाणी डास होऊ नयेत म्हणून बदलत राहावे. शेगडीबाबत मात्र तडजोड करू नये. बंद खोलीत निखारे धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. नुकत्याच श्वास घ्यायला शिकलेल्या फुप्फुसांना धुरीही सोसत नाही. कंबर शेकायचीच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वापरावी. आजीचे समाधान होते आणि कोणाला अपायही होत नाही.

बाज, टाके आणि अंगणातले शौचालय

सुतळीची बाज मध्ये खोलगट होते. सिझेरियन झालेल्या बाईला त्या खोलातून उठताना पोटावर जोर द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी टाक्यांवर ताण येतो. तिच्यासाठी गुडघ्याइतक्या उंचीचा सपाट पलंग आधीच मांडून ठेवावा. उठताना प्रथम कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग हाताच्या रेट्याने बसावे. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरावी.

खाली फाटलेल्या किंवा कापून शिवलेल्या जागेसाठी दोन गोष्टी नवव्या महिन्यातच आणून ठेवाव्यात: बूड टेकवून बसता येईल असा रुंद टब आणि खुर्चीसारखे कमोडचे स्टँड. कोमट पाण्यात रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटे बसल्याने सूज आणि ठणका उतरतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे पहिले काही दिवस जड जाते, आणि ते शौचालय अंगणाच्या टोकाला असेल तर रात्री जाण्याच्या धास्तीने बाई पाणीच कमी पिते. आमच्याकडे हेही घडले होते, ते नंतर समजले. प्लास्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून खाली बादली ठेवली तरी काम भागते.

पूर्ण विश्रांती म्हणजे सव्वा महिना अंथरुणाला खिळून राहणे, हा गैरसमजही येथेच दूर करावा. प्रसूतीनंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि हिंडण्या-फिरण्याने तो कमी होतो. साधी प्रसूती असेल तर काही तासांत आणि सिझेरियन असेल तरी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार साधारण एका दिवसाच्या आत आधाराने चालू लागावे. पाण्याची कळशी, गव्हाचा डबा किंवा बाळापेक्षा जड असे काहीही सिझेरियननंतर सहा आठवडे उचलू नये. अंघोळीनंतर टाके कोरडे टिपावेत. हळद, राख किंवा तेल त्यांवर लावू नये.

पुढे वर्षभर कंबर दुखली की दोष सिझेरियनच्या वेळी मणक्यात दिलेल्या इंजेक्शनला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण वाकून पाजण्याची सवय आणि सैल पडलेले स्नायू हे असते. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन, बाळाला छातीपर्यंत उचलून पाजावे.

ताटातील सोवळे-ओवळे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. डिंकाचे आणि मेथीचे लाडू त्यात चांगली भर घालतात. परंतु दिवसाला चार लाडू खाऊन जेवणावरील वासना गेली, तर डाळ आणि भाजी पोटात जायची कशी? दादरची (खान्देशातील ज्वारीची) भाकरी, तुरीचे घट्ट वरण, उडदाचे घुटे, शेपूची किंवा मेथीची भाजी आणि खात असल्यास अंडी हा तिचा मुख्य आहार असावा आणि लाडू त्याच्या जोडीला असावा.

केळीच्या बागांवर ज्या जिल्ह्याची ओळख उभी आहे आणि ज्याच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याच जळगाव जिल्ह्यात बाळंतिणीला केळे थंड म्हणून वर्ज्य करतात. केळ्याने तिला सर्दी होत नाही, दुधातून बाळालाही होत नाही. उलट पिकलेले केळे पोट साफ ठेवण्यास मदत करते.

लाडवात लोह आहे म्हणून गोळ्या बंद करणे ही मात्र महागात पडणारी चूक आहे. लोह व फॉलिक ॲसिडची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक घ्यायची असते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चहाबरोबर घेतल्यास तिचे लोह नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत घेऊ नये, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. शौचाचा रंग काळसर होतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

पोटपट्टा आणि मालिश

पोट आवळून बांधल्याने गर्भाशय लवकर आत जात नाही. ते आपोआप आकसते, आणि बाळ अंगावर पिताना ओटीपोटात येणाऱ्या कळा ही त्याचीच खूण असते. आधार वाटावा इतपत सैल पट्टा चालतो. श्वास अडेल असा आवळल्यास जोर खाली ओटीच्या स्नायूंवर जातो. मालिश करणाऱ्या बाईला दोन गोष्टी आधी बजावून ठेवाव्यात: सिझेरियन असेल तर पोटाला हात लावायचा नाही, आणि एकच पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असेल तर ती चोळायची नाही. ती गुठळी असू शकते आणि चोळल्याने निसटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पायासाठी तेल नको, त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

"बाळंतपणात असे व्हायचेच"

हे वाक्य ज्या घरात सहज उच्चारले जाते, तेथे उशीर होतो. अंगावरून जाणे पहिले तीन-चार दिवस लाल, पुढे दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी आणि नंतर पिवळसर-पांढरे होत चार ते सहा आठवड्यांत थांबते. हा क्रम उलटला, एका तासात पॅड पूर्ण भिजू लागले, लिंबाएवढ्या गाठी पडू लागल्या किंवा स्रावाला कुजका वास आला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. घरचे कापड वापरणाऱ्यांना रक्ताचा अंदाज येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यापुरते तरी पॅड आणून ठेवावेत.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर तो दूध उतरल्याचा असेल म्हणून झाकू नये. यासाठी घरात तापमापक हवा. हाताच्या स्पर्शाने ताप पाहणे उन्हाळ्यात अगदीच निरुपयोगी ठरते. डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. गरोदरपणात रक्तदाब ठीक होता म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तो प्रसूतीनंतर प्रथमच वाढलेला आढळू शकतो आणि त्यातून झटके येऊ शकतात. असे झटके लागट, म्हणजे बाहेरची बाधा, म्हणून उतरवण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

स्तनात लाल, दुखरी गाठ होऊन थंडी वाजली तर त्या बाजूने पाजणे बंद करू नये. दूध साचल्यास दुखणे वाढते. पाजत राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

तिसऱ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणे पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही झोप न लागणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे सुरू राहिले, तर त्याला बाहेरची बाधा म्हणू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. जिवाचा विचार तोंडून निघाला असेल तर तिला एकटे न सोडता तातडीने दवाखान्यात न्यावे. पाचवीला आणि बारशाला येणाऱ्या गोतावळ्याला थोडे आवरून तिला दुपारची झोप मिळू दिली, तर हाही भार हलका होतो.

फाइल सुरतेत, बाळंतीण अमळनेरात

सासर सुरत, नाशिक किंवा पुण्याला आणि माहेर खान्देशात, अशी आपल्याकडे असंख्य घरे आहेत. मुलगी आठव्या महिन्यात येते, साड्या येतात, आणि तपासण्यांची फाइल सासरच्या कपाटात राहते. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाबाच्या नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल आणि माता व बाल संरक्षण कार्ड मुलीबरोबरच आले पाहिजे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा फाइल शोधत बसायला सवड नसते.

माहेरच्या गावातील आशाताईंना मुलगी आल्याचे त्याच आठवड्यात कळवावे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते, पण पाहुणी म्हणून आलेल्या बाईचे नाव त्यांच्या यादीत आपोआप चढत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांवर पावसाळ्यात दिवस भरत असतील, तर नाले भरण्यापूर्वीच रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवण्याचे ठरवून ठेवावे.

सहाव्या आठवड्याची तपासणी टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पाळणा लांबवण्याचा सल्ला यांसाठी असते. बाळ धडधाकट दिसते म्हणून ती बुडवली जाते, आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत या समजुतीवर सारे सोडून दिले जाते. पाळी येण्याआधीही गर्भधारणा होऊ शकते. तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि मुलीला सासरी पाठवण्याचा दिवस तिच्यानंतरचा धरावा.