देवळापर्यंत कुणीही चढतं, घसाऱ्यावरून उतरायचं कसं ते बघा

पुण्याच्या आसपास देऊळ नसलेला डोंगरमाथा शोधायचा तर कष्ट पडतील. वेताळ टेकडीवर वेताळबाबा, कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या वर वाघजाई, बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथ, तिकोन्यावर त्र्यंबकेश्वर महादेव, तोरण्यावर मेंगाई. त्यामुळे रविवारी कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मी सांगते, गच्चीवर जा, समोरच्या ज्या डोंगरावर भगवं निशाण दिसेल तिथे जा.

पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे, घरी सांगून निघणं या गोष्टी तुम्हाला कळतात असं धरून चालते. मला लिहायचंय ते उतरण्याबद्दल. याविषयी जो तो एवढंच सांगतो, "उतरताना जरा जपून." जपून म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि जे सांगतात ते बहुतेक वेळा चुकीचं सांगतात. तसल्याच एका सल्ल्यापायी मी सहा आठवडे डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन हिंडलेय.

टेकडी निवडणं

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलात म्हणजे डोंगर केला असं नाही, पायऱ्यांवर घसारा, म्हणजे उतारावरचे सुटे खडे, नसतो. सुरुवात वेताळ टेकडीपासून करा. शहरातली ती सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आणि शहर साधारण ५६० वर. म्हणजे चढ बेताचा आणि वाटा भरपूर. तिथल्या जुन्या खाणीच्या कडेला मात्र फोटोसाठीसुद्धा जाऊ नका. मग घोराडेश्वर. लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरलात की डोंगर समोरच. मूळची बौद्ध लेणी, आत आता महादेव. त्यानंतर सासवडजवळचा मल्हारगड. १७५७ ते १७६० मध्ये बांधलेला, मराठ्यांचा शेवटचा किल्ला म्हणतात तो. बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव शेजारी शेजारी. हे तिन्ही झाले की तिकोना. कात्रज ते सिंहगड सगळ्यात शेवटी.

निघण्याची वेळ

उजाडायला डोंगराच्या पायथ्याशी. मोसम म्हणाल तर दिवाळी ते होळी.

वाट ओळखणं

देवळाची वाट आणि गुरांची वाट सुरुवातीला अगदी सारखी दिसते, आणि चुकतात ते इथेच. गुरं चढ टाळतात. त्यांची वाट डोंगराला आडवी, एकाच उंचीवरून जाते, तिला फाटे फुटतात आणि शेवटी ती करवंदाच्या जाळीत घुसते. दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. गुरांच्या वाटेवर पायाशी जागा मोकळी असते, पण फांद्या तोंडावर येतात, कारण म्हशीला कमरेच्या वरच्या फांदीशी देणंघेणं नसतं. डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या दिसल्या की माणसांचा राबता आहे असं समजा. सलग दहा-बारा पावलं तोंडावर फांदी येत असेल तर मागे फिरा. "इथूनच वर काढू" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं ऐकू नका.

देऊळ

बूट बाहेर, आवाज कमी, गाभाऱ्यात फोटो विचारून. कानिफनाथाच्या गाभाऱ्यात अरुंद झरोक्यासारख्या जागेतून सरपटत शिरावं लागतं, तेव्हा पाठीवरची सॅक आधीच काढून ठेवा. अडकलेल्या माणसाला मागून ओढायची वेळ आणू नका. मेंगाईच्या देवळात पुष्कळ लोक मुक्काम करतात. केलात तर सकाळी झाडून निघा. पाण्याच्या टाक्यात हातपाय धुवू नयेत, हे खरं तर सांगावं लागू नये.

देवळात बसलात की एक काम मात्र करा. बुटांच्या नाड्या पूर्ण सोडून पुन्हा बांधा. चढताना घोट्याशी सैल चालतात, उतरताना मात्र घोट्याशी घट्ट हव्यात, नाहीतर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं आदल्या रात्री कापलेली हवीतच.

घसारा

आपले डोंगर बेसाल्टचे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर बसले, त्यातून झालेले. ऊन-पावसाने दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यात हा मुरूम ओला, चिकटून असतो. संक्रांतीनंतर गवत वाळतं, माती उडून जाते आणि उतारावर नुसते सुटे खडे उरतात. तोच घसारा. म्हणजे चालायला ज्या दिवसांत हवा सगळ्यात छान, त्याच दिवसांत वाट सगळ्यात घसरडी.

घसारा दोन प्रकारचा असतो हे मला पहिली पाच-सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. एक खोल: खडी इतकी साठलेली की पाय घोट्यापर्यंत रुततो. दुसरा पातळ: खाली टणक कातळ किंवा दाबून बसलेली कडक जमीन आणि वर फक्त एक थर खडे. फरशीवर साबुदाणा सांडलाय आणि तुम्ही त्यावर उभे आहात, अगदी तसं. पहिला दिसतो भयंकर पण तसा दयाळू असतो. हाडं मोडतात ती दुसऱ्यावर.

खोल घसाऱ्यावर टाच मारायची, रुतू द्यायची, मग वजन टाकायचं. पाऊल वीतभर खाली सरकतं आणि थांबतं. त्याला घाबरू नका. पातळ घसाऱ्यावर हीच टाच मारलीत तर खाली रुतायला काही नसतं, टाचेचा तेवढासा तुकडा चार खड्यांवर टेकतो आणि ते चार खडे चाकांसारखे पळतात. तिथे पूर्ण तळवा एकदम, सपाट टेकवायचा. तुमचा घसारा कुठला, हे पाऊल टाकण्याआधी बुटाच्या टोकाने खरवडून बघता येतं. खडे बाजूला होऊन काळा दगड दिसला की पातळ.

आता वजनाचं. मला मिळालेला सल्ला होता, "मागे रेलून चाल, म्हणजे पडलीस तरी बुडावर पडशील." ऐकायला शहाणपणाचा वाटतो. कात्रज-सिंहगडच्या वाटेवर, मधल्या एका टेकडीच्या उतारावर मी तो तंतोतंत पाळला. मागे रेललं की वजन पावलांवर राहत नाही, पावलांच्या मागे जातं, आणि पाय पुढे ढकलले जातात. दोन्ही पाय एकदम निघाले. पडताना माणूस हात मागे टेकवतोच, मीही टेकवला. आवाज आला तो सुकी काटकी मोडल्यासारखा. तळहातात रुतलेले खडे दुसऱ्या दिवशी बहिणीने सुईने काढले, मनगट मात्र डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

त्यानंतर वर्षभराने तोरण्याच्या उतारावर मी जीव मुठीत धरून, अजूनही मागेच रेलून, इंच इंच उतरत होते. मागून एक आजी आल्या. पायात झिजलेल्या चपला, डोक्यावर सरपणाची मोळी. बाजूला होऊन मी त्यांना वाट दिली. दोन पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या.

"मागं का रेलतीस गं? डोंगराला टेकून झोपायचंय का?"

"पडेन म्हणून, आजी."

"म्हणूनच पडशील. मी मागं रेलले तर मोळी ऱ्हाईल का डोईवर?"

आणि गेल्या. एवढंच. मी त्यांच्या पायांकडे बघत मागे मागे गेले. गुडघे कायम थोडे वाकलेले, पावलं जेमतेम वीतभर, डोकं, कंबर आणि पाऊल एका रेषेत. आणि पाय वाजत नव्हते. माझ्या प्रत्येक पावलाला खर्रर्र व्हायचं, त्यांच्या पावलाला काही नाही.

तेव्हापासून मी हे एवढंच शिकवते: डोक्यावर भरलेला हंडा आहे असं समजा. पाणी हिंदकळू द्यायचं नाही. मागे रेलता येत नाही, पुढे झोकांडता येत नाही, लांब ढांग टाकता येत नाही, गुडघे आपोआप सैल होतात. उतार फारच उभा असला तर अंग उताराला आडवं वळवा, पावलंही आडवी, आणि नागमोडी उतरा. वाट सरळ खाली जात असली तरी तुम्ही सरळ गेलंच पाहिजे असं नाही. आणि कान पायाकडे ठेवा. खर्रर्र वाजलं की वजन मागे गेलंय.

गवत धरू नका. वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं, आणि उताराच्या दिशेने आडवं झालेलं असेल तर त्यावर पाय देणं म्हणजे तेलावर पाय देणं. कारवीचं झुडूप असेल तर खोड अगदी मुळाशी धरा, शेंड्याला नाही. काठी घेतलीत तर ती तुमच्यापुढे, खालच्या बाजूला टेकवायची. बहुतेक लोक ती मागे टेकवून तिच्यावर रेलतात, म्हणजे पुन्हा तेच.

बसून घसरत उतरणं हा आणखी एक आवडता प्रकार. एखाद्या कातळटप्प्यावर, जिथे पाय खाली पोचत नाही, तिथे बसा, हरकत नाही. पण घसाऱ्यावर बसलात की वेग तुमच्या हातात राहत नाही, तळवे सोलवटतात आणि विजारीचं जे होतं ते घरी पोचेपर्यंत पूर्ण ग्रुप बघतो.

एकामागे एक चिकटून उतरू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या घोट्यावर येतो. दगड सुटला की "दगड!" असं मोठ्याने ओरडायचं; "सॉरी" नंतर म्हणा.

बुटांबद्दल विचारतातच म्हणून: महागाचे नकोत, तळाच्या खाचा खोल हव्यात. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट मी कितीतरी झिजवलेत. सकाळच्या जॉगिंगचे मऊ बूट, ज्यांचा तळ गुळगुळीत झालाय, ते घसाऱ्यावर रोलर स्केट होतात.

हे सगळं वाचून येत नाही. वेताळ टेकडीवरून पाषाणच्या बाजूच्या पंचवटीकडे उतरणाऱ्या वाटांवर, चार रविवार, एकाच उतारावर दहा-दहा वेळा चढउतार करा. लोक बघतील. बघू देत.

कात्रज ते सिंहगड

यासाठी एवढी तयारी. जुन्या बोगद्यापाशी उतरायचं, वाघजाईला नमस्कार करायचा आणि डोंगराच्या धारेवरून पश्चिमेला निघायचं. अंतर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या तेरा म्हणतात. मी कधी अकरा मोजल्यात, कधी पंधरा, नेमकी कशाला टेकडी म्हणायचं यावर ते अवलंबून. उजवीकडे पुणं, समोर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा, त्यामुळे दिशा चुकणं अवघड. वाटेत पाणी नाही. चार लिटर प्रत्येकी, आणि "माझं मला पुरतं" म्हणणाऱ्याला पाचवा लिटर.

प्रत्येक टेकडीला एक चढ आणि एक उतार, म्हणजे तेरा वेळा घसारा. दहाव्या टेकडीपर्यंत मांड्या थरथरायला लागतात आणि थरथरत्या मांड्या गुडघे सरळ करून विश्रांती घेऊ बघतात. सरळ गुडघा म्हणजे मागे गेलेलं वजन. त्यामुळे शेवटच्या तीन टेकड्यांआधी दहा मिनिटं बसा, गूळ खा, वेळ झाला तर होऊ दे.

हा ट्रेक पौर्णिमेच्या रात्री करायची पद्धत आहे. पहिल्यांदा जात असाल तर करू नका. चांदण्यात वाट पांढरी, सुरेख दिसते, पण सुटा खडा आणि रुतलेला दगड यातला फरक दिसत नाही. रात्रीच जायचं असेल तर बॅटरी कपाळावर बांधू नका, कमरेशी धरा. डोळ्यांच्याच उंचीवरून उजेड पडला की खड्यांच्या सावल्या त्यांच्यामागेच लपतात आणि सगळं सपाट दिसतं. खालून, तिरका उजेड टाका, एकेक खडा उठून दिसतो. आणि वनखात्याचा त्या दिवसांतला काय नियम आहे ते आधी विचारा.

शेवट सिंहगडाच्या घाटरस्त्यावर होतो. डांबरी रस्त्याला पाय लागले की पहिली दहा पावलं विचित्र पडतात, जमीन हलत नाही याची सवय मोडलेली असते. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा. परत यायला जीप, मग पायथ्यावरून पीएमपी. बसमध्ये चढण्याआधी बूट काढून झटका. एकदा मी सीटवर बसून झटकले, मूठभर मुरूम निघाला आणि कंडक्टरने स्वारगेटपर्यंत मला ऐकवलं.