धाग्यांनी नाकाला आकार: काय जमतं, कुठे बिघडतं

त्वचेखाली घातलेल्या धाग्यांनी नाक उचललं जातं, लहान होत नाही. दांडा बसका असेल, शेंडा खाली झुकलेला असेल किंवा दांड्यावरचा बारीक उंचवटा लपवायचा असेल, तर धागे कामाचे. रुंद नाकपुड्या, वाकडं हाड, श्वासाला अडथळा यांवर त्यांचा उपयोग नाही. जाड, तेलकट त्वचेत फरक कमी दिसतो, तर फार पातळ त्वचेत धागाच दिसू लागतो.

हे धागे बहुधा पीडीओचे, म्हणजे शस्त्रक्रियेत विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्याच पदार्थाचे. त्यांना बारीक काटे असतात आणि ते आतल्या थरांत रुततात. साधारण सहा ते आठ महिन्यांत धागा विरघळतो. भोवती तयार झालेल्या कोलॅजनमुळे (त्वचेला आधार देणाऱ्या प्रथिनामुळे) आकार थोडा अधिक टिकतो, पण वर्षापुढचा भरवसा धरू नये. पीसीएल या दुसऱ्या, सावकाश विरघळणाऱ्या पदार्थाचे धागे जास्त टिकतात. अर्थात काही बिघडलं तर तेही जास्त टिकतं. नाकाला भर देण्यासाठी टोचतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर इंजेक्शनने विरघळवता येतं, धाग्याला तसा उतारा नाही.

डॉक्टर तुम्हाला बसवूनच मधली रेघ आखतात. मग जंतुनाशक लावून शेंड्याला लिडोकेनची भूल देतात. शेंड्यावर सुईने एक छिद्र करून धागा भरलेली बोथट कॅन्युला, म्हणजे बारीक पोकळ नळी, हाड-कूर्चेला लगटून, मधोमध, थेट दोन डोळ्यांमधल्या खोलगट भागापर्यंत नेतात. नाकाच्या मुख्य रक्तवाहिन्या याच्या वरच्या थरात असतात, म्हणून खोलीला एवढं महत्त्व. कॅन्युला वर सरकली तर धागा त्वचेखाली दिसतो, बाजूला गेली तर नाक तिरकं वाटतं. झुकलेल्या शेंड्यासाठी आणखी काही धागे दोन नाकपुड्यांमधल्या खांबात उभे घालतात. धागे किती, हे नाकावर ठरतं. जास्त घातले म्हणजे जास्त उंची, हा हिशेब चुकीचा. ताण वाढतो आणि तो सगळा शेंड्यावर येतो.

सगळ्यात जास्त तक्रारी शेंड्याच्याच. शेवटी धाग्याचं टोक त्वचा दाबून कापतात, म्हणजे सोडल्यावर ते आत जातं. ते उथळ राहिलं की आधी लाल पुटकुळी, मग टोक बाहेर. मुरूम समजून ते फोडू नका, ओढूही नका. डॉक्टर धागा काढतात. नाकावर मुरूम वा संसर्ग असताना, गरोदरपणात किंवा आधी सिलिकॉनचं रोपण झालेलं असेल तर ही प्रक्रिया टाळणंच बरं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ऑनलाइन धाग्यांचे संच मिळतात. घरी वापरायची ती वस्तू नव्हे.

नंतर दोनेक आठवडे चष्मा नाकावर टेकवू नये, उताणं झोपावं, मालिश-फेशियल नको. सूज आणि काळंनिळं हळूहळू उतरतं. दुखणं वाढत गेलं, पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्वचा पांढरी पडली, जांभळट जाळी दिसली किंवा नजर धूसर झाली तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.