अमूर फाल्कन बघायला जाताय? ओळखताना या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की पुण्या-मुंबईचे बर्डर्स लोणावळ्याच्या पठारांकडे निघतात, कारण आफ्रिकेला जाणारा अमूर फाल्कन, म्हणजे अमूर ससाणा, तिथे थोडे दिवस थांबतो. आग्नेय सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन इथून निघतो, नागालँड-मणिपूरला हजारोंनी उतरतो, मग आपल्याकडे, आणि पुढे न थांबता अख्खा अरबी समुद्र पार. एवढा भारी पक्षी समोर येतो आणि लोक घाईघाईत "केस्ट्रेल आहे रे" म्हणून पुढे जातात, किंवा उलट केस्ट्रेललाच (हाही एक छोटा ससाणाच) अमूर म्हणून फोटो टाकतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे हवेत एका जागी पंख फडफडवतोय म्हणजे केस्ट्रेलच असं धरून चालणं. अमूरसुद्धा तसं करतो आणि कापशी घारही करते, त्यामुळे नुसत्या हॉवरिंगवरून नाव ठरवूच नका. पाठ बघा. केस्ट्रेलची, म्हणजे खरुचीची, पाठ विटकरी असते, नर असो वा मादी. अमूरची पाठ राखाडी, पाटीच्या रंगाची.

नर तसा सोपा आहे. अंग गडद राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग तांबूस, आणि पंख उघडले की खालच्या बाजूचा पुढचा भाग पांढराशुभ्र, मागची पिसं काळपट. हा पांढरा-काळा फरक लांबूनही दिसतो. पण कोवळ्या नरात ते पांढरं अजून पूर्ण आलेलं नसतं, पट्टे-ठिपके असतात, म्हणून "पांढरं नाही म्हणजे अमूर नाही" असंही करू नका.

खरा घोळ मादी आणि पिल्लांमध्ये (म्हणजे त्याच वर्षीच्या, उडायला लागलेल्या कोवळ्या पक्ष्यांमध्ये) होतो. खालून पांढरट अंग, त्यावर काळ्या रेघा-ठिपके, डोळ्याखाली काळी मिशी, लांब टोकदार पंख, म्हणजे बघताक्षणी हॉबी (आणखी एक छोटा ससाणा) वाटणारच, शिवाय दोघंही उडता उडता पायात चतुर पकडून तिथल्या तिथे खातात. अशा वेळी पाय बघा, पाय! पूर्ण वाढलेल्या अमूर मादीचे पाय नारिंगी-लाल, चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवतीही तोच रंग, तर हॉबीचे पाय पिवळे. पिल्लांचे पाय जरा फिके असतात, तिथे पंखाची खालची बाजू बघा, अमूरची पांढरट आणि काळ्या पट्ट्यांची, हॉबीची एकंदर गडद. तारेवर बसलेला मिळाला तर स्कोपमधून (स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून) नखं बघायची, अमूरची फिकट पांढरट, हॉबीची काळी. (लेसर केस्ट्रेल, म्हणजे केस्ट्रेलचा छोटा भाऊबंद, त्याची नखंही फिकट असतात, पण पाय पिवळे आणि पाठ विटकरी.)

फोटोचं म्हणाल तर आकाशाच्या बॅकग्राउंडला पक्षी काळा पडतो आणि मग पंखाखालचं काहीच कळत नाही. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ करायचं सेटिंग) प्लस एक-दीड स्टॉप वाढवा, आणि एका सुंदर पोझच्या मागे न लागता पंख पूर्ण उघडलेले चार-पाच फोटो घ्याच, ओळख त्यावरूनच पक्की होते. पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपला अंधारलेला फोटो दिला तर तेही चुकतंच. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर) टाकताना नुसतं "अमूर, फोटो आहे" नको, पाय, पाठ, पंखाखालचा रंग हे तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन आठवत नाही.

आणि प्लीज, गाडी गवतात घालून पक्ष्याच्या जवळ नेऊ नका. समुद्रावर खायला नीट मिळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे इथे असतानाच त्याला भरपूर किडे खाऊन चरबी साठवायची असते, प्रत्येक वेळी उठवलं की तेवढं खाणं बुडतं. रस्त्याच्या कडेला गाडीतच बसा, इंजिन बंद करा, किडे जिथे आहेत तिथे पक्षी पुन्हा पुन्हा येतो, बऱ्याचदा स्वतःहून जवळ येतो.